घेतलं की लागलं

उंदराला घाबरवायला फार काही लागत नाही. डब्यात ठेवा, घंटा वाजवा आणि पायाखालच्या जाळीतून बारीकसा करंट द्या. तीन-चार वेळा असं झालं की नुसत्या घंटेनेच तो जागच्या जागी थिजतो, मिशासुद्धा हलत नाहीत. अमरावतीच्या एका फार्मसी कॉलेजात हे काम मी पगार घेऊन करत होते. सुरुवातीला मला त्याची इतकी लाज वाटायची की घरी "प्रयोगशाळेत आहे" एवढंच सांगायची. मायला वाटायचं मी लोकांचं रक्त तपासते. वाटू दिलं.

खरं काम मात्र त्याच्या पुढचं होतं, बसलेली भीती काढायचं. घंटा वाजवायची आणि करंट द्यायचा नाही. पुन्हा वाजवायची, पुन्हा नाही. हळूहळू उंदीर मान वळवतो, मग नाक हलवतो, मग अंग चाटायला लागतो. ज्या दिवशी घंटा वाजत असताना एखादा उंदीर निवांत अंग चाटायला बसे, त्या दिवशी मला उगीचच बरं वाटायचं.

माझे सर शांत माणूस, मी तिखट. पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "एकदा घाबरला की घाबरला, त्यात शिकणं आणि विसरणं कसलं?" त्यांनी खडू घेऊन फळ्यावर समजावलं. मेंदूच्या पेशींत काही एन्झाइमं असतात. काही प्रथिनांवर फॉस्फेटची खूण चढवतात, काही ती उतरवतात. भीती बसते तेव्हा चढवणाऱ्यांचा जोर असतो. भीती सुटायची तर उतरवणाऱ्यांना कामाला लागावं लागतं. आम्ही काही उंदरांना या उतरवणाऱ्या एन्झाइमला दाबून टाकणारं औषध टोचायचो. मग त्यांच्यापुढे किती का घंटा वाजवा, करंट नको की काही नको, दुसऱ्या दिवशी ते आपले पुन्हा दगड. काही झालं नाही हे त्यांना त्या वेळी कळत असेल, पण मुरत नसे.

सर दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायचे. एक, भीती पुसली जात नाही. तिच्याशेजारी 'आता काही होत नाही' अशी नवी आठवण येऊन बसते. दुसरी, डबा बदलला की जुनी वर येते. मी वहीत दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. वहीत लिहिलेलं डोक्यात असतंच असं नाही, हे मला पुढे चांगलं कळलं.

आमचं गाव अकोल्याहून मूर्तिजापूरच्या अंगाला. दसऱ्याच्या आधीचे दिवस, ऊन नुसतं पोळत होतं आणि बाबा पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करत होता. तोंडाला ओला शेला बांधलेला. आमच्याकडे सगळ्यांचाच असा पक्का समज की ओला शेला बांधला की औषध आत जात नाही. उलट तोच शेला औषध पिऊन बसतो आणि माणूस तासन् तास त्यातून श्वास घेतो. एवढी शिकलेली मी, प्रयोगशाळेत हातमोजे घातल्याशिवाय नळीला हात लावत नव्हते, पण बापाला कधी सांगितलं नाही. दुपारी हवा फिरली. माय भाकर घेऊन गेली तर बाबा पिकाच्या ओळीत, तासात पडलेला, तोंडाला फेस.

शेजाऱ्याच्या जीपमधून त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. मी अमरावतीहून एस्टीने पोहोचले तेव्हा त्याला इंजेक्शनांवर इंजेक्शनं चालू होती आणि त्याची बडबड सुरू होती. डोळे मिटलेले. तिथं नसलेल्या बैलांना हाका मारत होता. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला आणि मला म्हणाला, "घेतलं की लागलं?"

त्या वर्षांत वऱ्हाडात राहणाऱ्याला या प्रश्नाचा अर्थ विचारावा लागत नसे. रोजचा पेपर तसाच यायचा. मुद्दाम प्यायले की फवारताना अंगात गेलं, एवढंच त्याला लिहून घ्यायचं होतं. त्याची काही चूक नव्हती, त्याच रांगेत अजून चार खाटा तशाच होत्या. आणि मी, या माणसाच्या पोटची पोर, म्हणाले, "माहीत नाही."

बाबा वाचला. घरी आला. आता सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं, पण बाप्पा, घरी वेगळंच सुरू झालं. भेटायला येणारे लोक तब्येत विचारायचे बाबाला आणि बघायचे मायच्या तोंडाकडे. "काही झालं होतं का घरात?" असं हळूच विचारायचे. मायने त्यांना वाटेला लावलं, पण स्वतः काय केलं? औषधाच्या बाटल्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवल्या. उंदरांच्या गोळ्या फेकल्या. गोठ्यातले जादा कासरे, विहिरीचा दोर, सगळं कुठंतरी गडप. बाबा गोठ्याकडे गेला की पाच मिनिटांत मागून हाक, "अवो, चा झाला!" दिवसातून नऊ वेळा चहा. त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. तो आपला येऊन ओसरीवर बसायचा.

आणि वावरात जाईना. सकाळी निघायचा, धुऱ्यापर्यंत जायचा आणि बांधावरूनच परत. ज्या माणसाला सणाच्या दिवशीही वावराला एक चक्कर मारल्याशिवाय जेवण जात नव्हतं, तो दिवसदिवस भिंतीला टेकून बसायला लागला. अंगावरचं मांस उतरलं. सगळी शेती माय एकटी ओढत होती. एका रविवारी तिने मला चुलीपाशी बसवून सांगितलं, "असंच राह्यलं तं हा माणूस बसल्या बसल्या जाईन वं. तू एवढी शिकली, काई तरी कर."

झालं! मला तेवढंच पाहिजे होतं. शेजारच्या वावरात फवारणी सुरू झाली की बाबा उठून घरात जातो, हे मी पाहिलं होतं. म्हणजे वास. औषधाचा वास ही घंटा आणि ते पडणं हा करंट. अगदी वहीत लिहिल्यासारखं. मी बाबाला अमरावतीला घेऊन आले.

माझ्या भाड्याच्या खोलीवर गच्ची होती. औषधाची एक रिकामी बाटली मी तीन-तीनदा धुऊन आणली होती. धुतली तरी वास राहतो, पोटात काही जात नाही. पहिल्या दिवशी बाटली गच्चीच्या पार टोकाला, बाबाची खुर्ची इकडे. बाबा शेंगा सोलत बसायचा, मी त्याची नाडी मोजायची. रोज बाटली दोन हात पुढे. दहाव्या दिवशी बाटली खुर्चीच्या पायाशी आणि बाबा मजेत चहाचे घोट घेतोय. नाडी एकदम सरळ. मला तर वाटलं, उंदरांना सोडावं आणि आता माणसांचंच काम हाती घ्यावं.

"झालं का तुयं?" बाबाने विचारलं.

"झालं," मी म्हटलं. "आता बघा तुमी."

कॉलेजात सरांना मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसता पुसता एवढंच विचारलं, "गच्चीवर ठीक आहे. पण शेत?" मी मनात म्हटलं, यांना कोणाचं कौतुक करवतच नाही.

घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा निघाला, मागे मी, माझ्या मागे तांब्या घेऊन माय. धुरा आला. बाबाने एक पाय बांधावर ठेवला, मागे वळून पाहिलं आणि परत फिरला. माझं डोकंच सणकलं. मग आठवलं, डबा बदलला. अमरावतीची गच्ची म्हणजे काही आमचं वावर नव्हे. सरांचं वाक्य वहीत होतं आणि मी दहा दिवस शेंगा सोलवून घेतल्या होत्या.

मी सुटी वाढवून घेतली. जिथं भीती बसली तिथंच सोडवायची, असं ठरवून रोज सकाळी तिघांची वरात वावराकडे. पुढे बाबा, मागे मी, मागे माय. कधी पिकाची दोन तासं आत जायचा, कधी चार. पण प्रत्येक वेळी थांबून मागे बघायचा आणि फिरायचा. पाचव्या दिवशी माझा तोल गेला. "बाबा, उंदरालेसुद्धा एवढा वेळ नाई लागत!" असं मी बापाला भर वावरात म्हणाले. तो घराकडे वळला. माय म्हणाली, "जाऊ दे वं." मला अजूनही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच आठवड्यात बैलांना नाल ठोकायला नालबंदीवाले चाचा आले. हे चाचा बाबाच्या वयाचे, गावोगाव फिरून बैलांचे पाय सांभाळणारे. आमचा एक बैल नाल्यावरच्या पुलाला बुजायचा, पुलापाशी आला की बैलबंडी आडवी. मी सहज विचारलं, "चाचा, बुजलेल्या बैलाचं काय करता तुमी?" खरं तर मला बाबाचंच विचारायचं होतं.

चाचांनी बैलाचा खूर मांडीवर घेतला होता. खालच्या मानेनेच म्हणाले, "मारायचं नाई, बेटी. पुलावर नेऊन सरकीची ढेप खाऊ घालायची. रोज." मी मनात खूश झाले, हे तर आमचंच शास्त्र. मग ते म्हणाले, "पन अव्वल हे सांग, कासरा कोनाच्या हातात हाये? बैलाले पुलाचं काय समजते? त्याले कासरा समजते. हाकणारा घाबरला का कासरा आपोआप खिचला जाते. बैल म्हन्ते, कुछ तो है! अन् थांबते. मंग लोक बैलाले मारतात."

एवढं बोलून ते खिळे ठोकायला लागले. मी मान वर केली. माय दारात उभी होती. बाबा नुसता गोठ्यामागे लघवीला गेला होता, आणि ती पदराचं टोक मुठीत आवळून त्या कोपऱ्याकडे बघत होती. डोळ्याची पापणी हलत नव्हती. असं थिजलेलं अंग मी रोज डब्यात बघत होते आणि स्वतःच्या घरात मला ते दिसलं नव्हतं.

त्या दिवशी दिवेलागणीला मी बाबाजवळ ओसरीवर बसले. विचारलं, "बाबा, खरं सांगा, तुमाले वासाचं भेव वाटते का?"

"वासाचं कायचं भेव?" तो म्हणाला. "तीस वर्स झाले थो वास नाकात हाये."

"मंग शेजारी फवारते तवा घरात काहून जाता?"

"तुयी माय तिकडून धावत येते ना. म्हणून मीच आंधी आत जातो."

"अन् धुऱ्यावरून वापस?"

"मांगं पाह्यतो तं तुयी माय थरथर कापून राह्यते. तिले तसं टाकून पाय कसा उचलू?"

"अन् अमरावतीले? दहा दिवस?"

बाबा जरासा हसला. "तू एवढ्या हौसेनं बाटली मांडत व्हती. म्हटलं, पोरीचं काम हाये, होऊ द्या."

मला हसावं की रडावं कळेना. पण त्याचं संपलं नव्हतं. जमिनीकडे बघत तो म्हणाला, "म्या घेतलं नाई, बाई. हवा फिरली. तू डॉक्टरले माईत नाई म्हणली, थे म्या आयकलं."

 मी त्याचे पाय धरले. त्याने सोडवले नाहीत, डोक्यावर हात ठेवला. "तुयावर राग नाई. दिवसच तसे हायेत, कोनी कोनावर भरोसा ठेवावा? पन सगळेच माया तोंडाकडं पाह्यतात. पाहू पाहू मलेच वाटाले लागलं, का आपनच काई केलं व्हतं का."

हे ऐकलं आणि मी मुळासकट हादरले. घरात एकाला वाचवायला आम्ही दोघी पहारा देत होतो आणि त्या पहाऱ्यानेच त्याला संपवायला घेतलं होतं. आणि विचार करा, भीती सुटायला घंटा वाजावी लागते, आणि वाजूनही काही व्हायला नको. मायने तर घंटा वाजूच दिली नव्हती. बाबा नजरेआड झाला की ही धावलीच. तो सुखरूप परत आला, हे तिच्या मेंदूला कधी समजणार? एन्झाइमं बिचारी कामाला तयार असतील, त्यांना काम द्यायला नको?

दुसऱ्या दिवशी मायला सगळं सांगितलं. आधी ती माझ्यावरच उखडली. "मले शिकवतं? तू पाह्यलं व्हतं का त्याले तासात? तोंडाले फेस व्हता, डोये पांढरे झाले व्हते. तू तं आली मांगून इस्तरीचे कपडे घालून!" मी ऐकून घेतलं, कारण खरंच होतं ते. मग ती पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. शेवटी नाक पुसून म्हणाली, "सांग, काय करू?"

बाबाने एकट्याने वावरात जायचं. आम्ही दोघींनी घरात बसायचं. बस्स, एवढंच. सांगायला सोपं. पहिल्या दिवशी बाबा रस्त्याच्या वळणाआड गेला आणि माय चप्पल न घालता पळाली. दुसऱ्या दिवशी मी दाराला आडवी बसले, तिने मला ओलांडलं. तिसऱ्या दिवशी ती बसली, माझा हात धरून. एवढा घट्ट की बोटं पांढरी पडली. अर्ध्या तासाने बाबा आला, तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत जाऊन देवापुढे उभी राहिली. चौथ्या दिवशी पुन्हा पळाली. माझा जीव मेटाकुटीला आला, पण या वेळी कोणालाही उंदराचं नाव काढून बोलले नाही.

सुटी संपली, मी अमरावतीला परतले. मग दर शनिवारी जायची. प्रत्येक वेळी काहीतरी जागेवर आलेलं दिसायचं. एकदा विहिरीवर दोर दिसला. एकदा गोठ्यात कासरे. चहा नऊवरून चारवर आला. मधे एकदा शेजारच्या गावातून वाईट बातमी आली आणि माय पुन्हा आठ दिवस बाबाच्या मागे मागे. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "होतं असं. जुनी गेलेली नसते ना. पुन्हा सुरू करायचं." या वेळी मी वहीत लिहिलं नाही, फक्त ऐकलं.

आता खरं सांगते, मायला शहाणपण शिकवत होते, पण प्रयोगशाळेत दुपारी फोन वाजला की माझ्याच हातातली नळी हलायची. बर्फात ठेवलेल्या नळ्यांत थेंब टाकायचा आणि हिरवा रंग कितपत चढतो ते बघायचं, चढला म्हणजे ते उतरवणारं एन्झाइम जागं आहे. मी त्या हिरव्या रंगाकडे बघत फोन दुसरं कोणीतरी उचलायची वाट पाहायची.

तुरी भरल्या होत्या तेव्हाची गोष्ट. रविवार होता. बाबा सकाळी लवकर वावरात गेला तो बाराला येणार होता. बारा झाले. एक झाला. मी तीनदा दारात जाऊन रस्ता बघून आले. माय चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. दोन वाजता मी चपला पायात सरकवल्या. ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "बस वं."

मी बसले.  तिने भाकरी उलटली, राख पुढे ओढली. तिचे हात मी मुद्दाम बघत होते. कापत नव्हते. माझे कापत होते.

अडीचला बाबा दारात उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत मातीने भरलेलं, खांद्यावर शेंगांचं गाठोडं, तोंडभर हसू. आणि माय कडाडली, "कुठी मेले व्हते एवढा वेळ? भाकरी दगड झाल्या! पोरगी दोन तासांपासून उपाशी बसून राह्यली, अन् हे आले हसत! काई लाज?"

माझं रक्तच गोठलं. दवाखान्यातून आल्यापासून ती बाबाला एक वाकडा शब्द बोलली नव्हती. आणि 'मेला' हा शब्द तर आमच्या घरात कोणी तोंडातून काढत नव्हतं. सापळ्यात उंदीर सापडला तरी माय म्हणायची, "गेला बिचारा." मी बाबाकडे बघितलं. त्याचा एक पाय उंबऱ्यात, एक बाहेर. तो मायकडे बघत राहिला.

मग त्याने गाठोडं धाडकन खाली टाकलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "वावरात व्हतो! अजून कुठी राह्यन? शेंगा काय आपोआप चालत येतात?"

"वावरात व्हतो म्हणे! पाय धुवा आंधी, सारं घर मातीचं केलं!"

"घर मातीचंच हाये!"

मी उठून मागच्या अंगणात गेले आणि रांजणाला टेकून हमसून हमसून रडले. आत दोघांचं भांडण चांगलंच पेटलं होतं. भाकरीवरून ते बैलांवर गेलं, बैलांवरून मायच्या माहेरावर. भूक तर सडकून लागली होती, पण ते मिटेपर्यंत मी आत गेले नाही.